देहान्त प्रायश्चित्त : धर्मशास्त्रातील विधान आणि मराठी कथापरंपरेतील उत्तरे

‘देहान्त प्रायश्चित्त’ हा शब्दप्रयोग मराठी भाषकाच्या कानी पडला की त्याच्या मनात धर्मशास्त्राचा कोणताही ग्रंथ येत नाही. येतो तो रामशास्त्री प्रभुणे. नारायणराव पेशव्याच्या खुनाबद्दल रघुनाथरावाला, म्हणजे प्रत्यक्ष राज्यकर्त्याला, त्याच्या तोंडावर देहान्त प्रायश्चित्त सांगणारा न्यायाधीश ही प्रतिमा महाराष्ट्रात गेली दीडशे-दोनशे वर्षे इतकी रुजली आहे की तिच्यातील मुख्य शब्दाचा नेमका अर्थ काय, हा प्रश्न सहसा विचारलाच जात नाही. बोलताना पुष्कळजण ‘रामशास्त्र्यांनी देहान्ताची शिक्षा दिली’ असे म्हणून जातात. पण शिक्षा आणि प्रायश्चित्त ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि ह्या कथेचा सारा जोर त्यांच्या वेगळेपणावरच उभा आहे. हा भेद ध्यानात घेतला म्हणजे कथेतील पुष्कळ तपशील नव्या अर्थाने दिसू लागतात. त्याचबरोबर एक अडचणही उभी राहते. ज्या धर्मशास्त्राच्या आधारावर रामशास्त्री बोलले असे मानले जाते, त्याच धर्मशास्त्राच्या उत्तरकालीन निबंधग्रंथांनी ब्राह्मणासाठी असे प्रायश्चित्त कलियुगात वर्ज्य ठरविले होते.

प्रथम घटना. ३० ऑगस्ट १७७३ रोजी पुण्याच्या शनिवारवाड्यात सुमेरसिंग गारद्याच्या लोकांनी अठरा वर्षांच्या नारायणराव पेशव्याची हत्या केली. पेशवेपदाची वस्त्रे मिळून त्याला पुरते एक वर्षही झाले नव्हते. चुलता रघुनाथराव वाड्यातच नजरकैदेत होता. कटाला त्याची संमती होती, ती केवळ पकडण्यापुरती होती की मारण्यापर्यंत होती, हा वाद तेव्हापासून आजतागायत चालू आहे. ‘ध’चा ‘मा’ केल्याचा आळ लोकपरंपरेने त्याची पत्नी आनंदीबाई हिच्यावर ठेवला आणि तो मराठीत वाक्प्रचार होऊन बसला. खुनानंतर रघुनाथराव पेशवा झाला. माहुलीचे रामशास्त्री प्रभुणे त्या वेळी न्यायाधीश होते. त्यांनी चौकशी केली व दोष खुद्द रघुनाथरावाकडे येतो असे ठरविले. ह्यावर प्रायश्चित्त काय, असे त्याने विचारले असता प्राण देणे हेच प्रायश्चित्त, असे उत्तर देऊन, तुम्ही गादीवर असेपर्यंत पुण्यात पाऊल टाकणार नाही, असे सांगून ते निघून गेले, अशी ही हकीकत आहे. छापील रूपात ती जगासमोर आली ती ग्रांट डफच्या १८२६ साली प्रसिद्ध झालेल्या मराठ्यांच्या इतिहासात, म्हणजे घटनेनंतर ५३ वर्षांनी. त्या ग्रंथाचे कॅप्टन कॅपनकृत मराठी रूपांतर १८३० च्या आसपास झाले, आणि मराठी शाळांतून शिकलेल्या पहिल्या पिढ्यांना आपल्याच राज्याचा हा प्रसंग त्या वाटेने कळला. संवादातील शब्द जसेच्या तसे उच्चारले गेले असतील असे मानण्याचे कारण नाही. पण संवादाची घडण मात्र पाहण्यासारखी आहे. ती घडण धर्मशास्त्राची आहे.

ह्या घडणीतील पहिली गोष्ट म्हणजे रघुनाथराव प्रश्न विचारतो. दंड हा राजाने द्यावयाचा असतो; अपराध्याने तो मागावा लागत नाही. प्रायश्चित्त मात्र मागावे लागते. स्मृतींनी घालून दिलेल्या पद्धतीप्रमाणे पातकी मनुष्याने स्नान करून, ओल्या वस्त्रानिशी, विद्वान ब्राह्मणांच्या परिषदेपुढे जावे, आपले कृत्य न लपविता सांगावे, आणि परिषदेने विचार करून त्याला प्रायश्चित्त सांगावे. ‘प्रायश्चित्त’ शब्दाची परंपरागत व्युत्पत्तीही हेच सुचविते : ‘प्राय’ म्हणजे तप आणि ‘चित्त’ म्हणजे निश्चय. तपाचा निश्चय दुसऱ्याने लादावयाचा नसतो. तेव्हा रामशास्त्र्यांनी निकाल दिला नाही, विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर दिले. आणि ते उत्तर अमलात आणणे ही विचारणाऱ्याची जबाबदारी होती. कोणी जल्लाद येथे अभिप्रेतच नाही.

दुसरी गोष्ट अशी की शिक्षेचा मार्ग येथे दोन्ही अंगांनी बंद होता. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायाप्रमाणे ब्राह्मणाला देहदंड नाही. त्याच्या बाबतीत मुंडन हाच प्राणान्त दंड. पेशवाईतही ब्राह्मण अपराध्यांना सहसा किल्ल्यावर कैदेत ठेवीत. शिवाय दंड धारण करणारा जो राज्यकर्ता, तोच येथे आरोपी. त्याला दंड कोणी द्यावा? राजा स्वतः अपराधी झाला तर त्याचे काय, ह्या प्रश्नाचे दंडनीतीजवळ समाधानकारक उत्तर नव्हते. प्रायश्चित्ताच्या भाषेत मात्र राजा आणि रंक दोघेही पातकी म्हणून सारखेच परिषदेपुढे उभे राहतात. सत्ताधाऱ्याशी सत्ताधारी म्हणून न बोलता पातकी म्हणून बोलण्याची सोय त्या काळच्या न्यायाधीशाला ह्या एकाच भाषेने करून दिली होती. ज्यांनी तलवारी चालविल्या त्या गारद्यांची गोष्ट निराळी. महंमद युसूफासारख्या त्यांच्यातील सरदाराला पुढे बारभाईंच्या कारकिर्दीत पकडून ठार मारण्यात आले, आणि त्याला प्रायश्चित्त विचारण्याची संधी मिळाली की नाही, ह्याची चौकशी कोणत्याही कथेकऱ्याला करावीशी वाटली नाही.

आता प्रायश्चित्त काय सांगावे, हा प्रश्न. ब्रह्महत्या, सुरापान, सुवर्णाची चोरी, गुरुतल्पगमन आणि ह्या चौघांपैकी कोणाशीही संसर्ग ही मनूने सांगितलेली पाच महापातके. अकराव्या अध्यायात ब्रह्महत्येसाठी अनेक मार्ग सांगितले आहेत. मृताची कवटी ध्वजासारखी धारण करून, अरण्यात झोपडी बांधून, भिक्षेवर बारा वर्षे राहावे. किंवा जाणत्या धनुर्धरांचे लक्ष्य व्हावे. किंवा डोके खाली करून तीनदा अग्नीत उडी घ्यावी. परंतु हे सर्व सांगून झाल्यावर मनू म्हणतो की ही शुद्धी अजाणता झालेल्या वधासाठी आहे. बुद्धिपुरस्सर केलेल्या ब्राह्मणवधाला निष्कृती नाही. एवढे स्पष्ट विधान असताना भाष्यकारांचे काम संपावयास हवे होते. प्रत्यक्षात ते येथून सुरू झाले. निष्कृती नाही म्हणजे मुळीच नाही, की एवढ्या हलक्या प्रकारची नाही? काहींनी बुद्धिपूर्वक पातकाला अजाणता पातकाच्या दुप्पट प्रायश्चित्त सांगितले. काहींनी कड्यावरून उडी किंवा अग्निप्रवेश ह्यांखेरीज अन्य निष्कृती नाही असे म्हटले. मराठीतील ‘देहान्त’ हे ह्या ‘मरणान्तिक’ प्रायश्चित्ताचेच रूप.

ह्या चर्चेत विज्ञानेश्वराचे विवेचन सर्वांत मोलाचे आहे. कल्याणीच्या चालुक्य विक्रमादित्याच्या आश्रयाने, अकराव्या शतकाच्या अखेरीस वा बाराव्याच्या आरंभी त्याने याज्ञवल्क्यस्मृतीवर मिताक्षरा लिहिली. याज्ञवल्क्याचे म्हणणे असे की अजाणता केलेले पाप प्रायश्चित्ताने जाते. जाणूनबुजून केले असेल तर प्रायश्चित्ताने तो मनुष्य ह्या लोकी व्यवहार्य, म्हणजे इतरांनी देवघेव करण्यायोग्य, होतो. विज्ञानेश्वर ह्यावरून पापाच्या दोन शक्ती वेगळ्या काढतो : एक नरकात नेणारी, दुसरी समाजातील व्यवहार अडविणारी. प्रायश्चित्ताने दुसरी नाहीशी झाली तरी पहिली राहू शकते. पातकी माणसाला पुन्हा पंक्तीत घेता येईल, पण त्याचे पाप गेले असे म्हणता येणार नाही. हा भेद केवळ तार्किक नाही. समाजाने माफ करणे आणि माफ होणे ह्या दोन घटना आहेत हे त्यात मान्य केलेले आहे. गंमत अशी की ह्याच श्लोकात एक अवग्रह मानला तर ‘व्यवहार्य’चे ‘अव्यवहार्य’ होते आणि अर्थ उलटतो : पाप गेले तरी असा मनुष्य व्यवहाराला अयोग्यच राहतो. परंपरेत दोन्ही पाठांचा विचार झालेला आहे. खुनी माणसाला ईश्वर क्षमा करील पण शेजारी करणार नाही, की शेजारी करतील पण ईश्वर करणार नाही, असा तो पेच. एका न उच्चारल्या जाणाऱ्या चिन्हावर एवढे अवलंबून असावे, हे संस्कृत पाठपरंपरेतच घडू शकते.

रामशास्त्र्यांच्या काळापर्यंत मात्र शास्त्र पुष्कळ पुढे सरकले होते. ‘पुढे’ हा शब्द येथे जपून घ्यावयाचा. कलियुगात कोणती कृत्ये करू नयेत ह्यांच्या याद्या पुराणांच्या आधाराने तयार झाल्या होत्या आणि त्यांत, ब्राह्मणांसाठी मरणान्तिक प्रायश्चित्ताचे विधान, ह्या बाबीचा समावेश होता. मूळच्या पैठणच्या भट्ट घराण्यातील कमलाकरभट्टाने १६१२ साली काशीत निर्णयसिंधू लिहिला. पंढरपूरच्या काशीनाथ उपाध्यायांचा धर्मसिंधू रामशास्त्र्यांच्या मृत्यूनंतर लवकरच, १७९० च्या सुमारास पूर्ण झाला. दोन्ही ग्रंथ महाराष्ट्रातील शास्त्रीमंडळींच्या नित्य वापरातले, आणि दोन्हींत कलिवर्ज्यांचे प्रकरण आहे. तेव्हा ब्राह्मण रघुनाथरावाला देहान्त प्रायश्चित्त सांगणे हे त्या काळच्या प्रचलित निबंधांच्या विरुद्ध जात होते. ‘विधान’ ह्या शब्दाकडे बोट दाखवून असे म्हणता येईल की निषेध सांगण्याचा आहे, स्वतःहून करण्याचा नाही. पण त्याने अडचण सुटत नाही, वाढते. कारण रामशास्त्र्यांनी केले ते सांगण्याचेच काम.

मरणान्तिक प्रायश्चित्त वगळल्यावर उरते काय, हे पाहिले म्हणजे ह्या उत्तराचे मर्म कळते. बारा वर्षांचे व्रत प्रत्यक्ष करणारे विरळाच. म्हणून निबंधकारांनी त्याचे हिशेब बसविले. प्राजापत्य कृच्छ्र हे व्रत बारा दिवसांचे. वर्षाला अशी ३०, म्हणून बारा वर्षांची ३६०. एका प्राजापत्याऐवजी एक गाय दान द्यावी, गाय शक्य नसेल तर तिचे मोल द्यावे. ह्याला प्रत्याम्नाय म्हणतात. म्हणजे अजाणता झालेल्या ब्रह्महत्येला ३६० गाई आणि बुद्धिपूर्वक केली असल्यास दुप्पट, ७२०. निर्धनाला हा आकडा डोंगराएवढा. पेशव्याला तो एका सकाळच्या दानाचा होता. रघुनाथराव धर्मकृत्यांत कंजूष होता असा आरोप कोणी केलेला नाही. शास्त्राचा आधार दाखवून, गाईंचे मोल घेऊन, त्याला व्यवहार्य ठरविणारी ब्रह्मसभा मिळणे अशक्य नव्हते. त्याच रघुनाथरावाने पुढे इंग्लंडला पाठविलेले ब्राह्मण वकील परत आले तेव्हा, समुद्रगमनाच्या दोषातून सुटण्यासाठी त्यांना सोन्याच्या योनीतून बाहेर काढून नवा जन्म देण्यात आला, अशी हकीकत विल्फर्ड ह्या लेखकाने नमूद केली आहे. समुद्र ओलांडणाऱ्याला सोन्याचा जन्म मिळत असेल, तर पुतण्याच्या रक्तात हात बुडविणाऱ्याला गाईंचा हिशेब का मिळू नये? रामशास्त्र्यांच्या उत्तराने हा हिशेबच नाकारला. निबंधकारांना ओलांडून ते मनूच्या जुन्या वाक्यापाशी परत गेले. आणि आपण कोणत्या आधाराने गेलो, हे कथेत ते सांगत नाहीत.

कथेचा दुसरा भाग, पुणे सोडून जाण्याचा, सामान्यतः बाणेदारपणाचे उदाहरण म्हणून सांगितला जातो. तसा तो आहेच. परंतु त्यामागेही एक शास्त्रीय विचार दिसतो. पाचवे महापातक संसर्गाचे. पतिताबरोबर वर्षभर एका आसनावर बसणारा, एका वाहनातून जाणारा, एकत्र जेवणारा स्वतः पतित होतो, असे मनू सांगतो. मूळ पातकी प्रायश्चित्त घेत नाही तोवर त्याच्या पदरी राहणे हे न्यायाधीशालाही पातकाचा वाटेकरी करणारे होते. येथेही कलिवर्ज्यांच्या यादीने सवलत दिली होती. पातक्यांच्या संसर्गाचा दोष कलियुगात मानू नये, असे तिच्यात म्हटले आहे. ती सवलतही रामशास्त्र्यांनी घेतली नाही. ज्या दोन निषेधांनी सर्वांची सोय झाली असती, नेमके तेच दोन ह्या कथेत बाजूला सारले गेले आहेत, हा योगायोग मानणे कठीण आहे. कथा ज्यांनी घडविली त्यांना शास्त्र चांगले ठाऊक असले पाहिजे.

ह्याला पराशरस्मृतीतील एका नियमाची जोड द्यावयास हवी. स्नेहाने, लोभाने, भयाने किंवा अज्ञानाने जे परिषदेतील ब्राह्मण पातक्यावर अनुग्रह करतात, म्हणजे उणे प्रायश्चित्त सांगतात, त्यांच्याकडे ते पाप जाते, असे तेथे म्हटले आहे. प्रायश्चित्त सांगणारा हा तटस्थ सल्लागार नव्हे. उत्तर चुकले तर खून त्याच्या खाती जमा होतो. स्नेह, लोभ, भय, अज्ञान ह्या चार कारणांपैकी पहिली तीन शनिवारवाड्यात त्या दिवसांत मुबलक होती.

पेशवाईतील प्रायश्चित्ताचा रोजचा कारभार अर्थातच एवढ्या उंचीवरून चालत नव्हता. जातीबाहेर पडलेल्याला सरकारच्या आज्ञेने दोषपत्र मिळे, क्षेत्रस्थ ब्राह्मणांकडून प्रायश्चित्त होई, शुद्धिपत्र मिळे, मग गोतपताचे जेवण घालून तो गोतात परत येई. आणि ह्या प्रत्येक पायरीवर थोडाफार पैसा खर्ची पडे. विज्ञानेश्वराची दुसरी शक्ती, व्यवहार अडविणारी, तेवढीच ह्या कारभारात उरली होती. पहिलीची चिंता कोणी करीत नसे. ही घसरण पुढेही चालू राहिली. १८९० च्या ऑक्टोबरात पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये चहा घेतल्याबद्दल शहरातील प्रतिष्ठित मंडळींवर ग्रामण्य झाले, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, टिळकांसारख्यांना आणि रानड्यांसारख्यांना प्रायश्चित्ताच्या भानगडीत पडावे लागले. खून आणि चहाचा पेला ह्यांना एकच शब्द लागू पडू लागला, की त्या शब्दाचे गांभीर्य संपत आले असे समजावे.

म्हणूनच १९०९ साली कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांनी ‘भाऊबंदकी’ नाटकात हा प्रसंग रंगभूमीवर आणला तेव्हा त्यांनी एका झिजलेल्या शब्दाला पुन्हा धार दिली, असे म्हणावे लागते. आदल्याच वर्षी टिळकांना मंडालेची शिक्षा झाली होती. सत्तेच्या नोकरीत असलेला न्यायाधीश सत्तेलाच पातकी म्हणतो, हे दृश्य पाहणाऱ्या प्रेक्षकाला अठराव्या शतकातील पुणे तेवढे दिसले नसेल. पुढे १९४४ साली प्रभात कंपनीने ‘रामशास्त्री’ चित्रपट काढला. नाटक आणि चित्रपट ह्यांनी रामशास्त्र्यांना घरोघर नेले. पण ह्याच प्रवासात प्रायश्चित्ताचे रूपांतर शिक्षेत झाले. रंगमंचावर न्यायाधीश समोर उभा, आरोपी खाली मान घालून उभा, असे दृश्य उभे राहिले की प्रेक्षक ते न्यायालयाचे दृश्य म्हणूनच पाहतो. रघुनाथरावाने आपण होऊन प्रश्न विचारला होता, ही गोष्ट त्यात मागे पडते. आणि तो प्रश्न खराखुरा होता की उपचाराचा, हा कथेतील सर्वांत नाट्यपूर्ण मुद्दाही त्याबरोबर जातो. उत्तर मिळाल्यावर रघुनाथराव जगला. सुरतेचा तह, इंग्रजांशी संगनमत, सालबाईचा तह हे सर्व होऊन १७८३ साली कोपरगावास वारला. बारभाईंचा कारभार सुरू झाल्यावर रामशास्त्री पुण्यास परत आले आणि १७८९ पर्यंत जगले.

मराठी परंपरेत देहान्त प्रायश्चित्ताची आणखी एक कथा आहे, आणि ती ह्या कथेच्या शेजारी ठेवून वाचावयास हवी. ज्ञानेश्वरांचे वडील विठ्ठलपंत संन्यास घेऊन गुरूच्या आज्ञेने पुन्हा गृहस्थाश्रमात आले. आळंदीच्या ब्राह्मणांनी त्यांना वाळीत टाकले. मुलांच्या मुंजीसाठी त्यांनी प्रायश्चित्त विचारले असता देहान्त हेच प्रायश्चित्त असे उत्तर मिळाले. आणि पतिपत्नींनी जलसमाधी घेतली, असे परंपरेने सांगितले जाते. दोन्ही कथांत प्रश्न तोच, उत्तरही तेच. फरक असा की येथे कोणाचा जीव गेलेला नव्हता, आणि ज्याने विचारले त्याने ऐकले. शास्त्राचा सर्वांत कठोर शब्द निर्बलाने पाळला, बलवंताने पाळला नाही. मराठी मनाने आळंदीच्या उत्तराला निर्दयपणा म्हटले आणि पुण्याच्या उत्तराला न्याय. शब्द एकच असूनही. ह्यात विसंगती नाही. उत्तर देणाऱ्याने काय पणाला लावले, ह्यावर लोकांनी निवाडा केला.

विठ्ठलपंतांची मुले शुद्धिपत्रासाठी पैठणला गेली आणि तेथे रेड्याच्या मुखातून वेद वदले, हा कथेचा उत्तरार्ध सर्वश्रुत आहे. त्याच पैठणची एक कथा एकनाथांच्या चरित्रपरंपरेत येते. ब्रह्महत्या केलेला एक ब्राह्मण आपले पातक ओरडून सांगत, भिक्षा मागत गावात आला. कोणी त्याला दारात उभे करीना. एकनाथांनी त्याच्याकडून नामोच्चार करविला, तू शुद्ध झालास असे सांगितले आणि त्याला जेवू घातले. ब्रह्मवृंद खवळला. हा शुद्ध झाला ह्याला प्रमाण काय? देवळातील दगडी नंदीने ह्याच्या हातचा कडबा खाल्ला तर मानू. नंदीने कडबा खाल्ला. दोन्ही प्रसंगी परिषदेच्या प्रश्नाला तोंड नसलेल्या पशूने उत्तर दिले आहे, एकदा जिवंत आणि एकदा दगडाच्या. ग्रंथांतून उत्तर निघणार नाही अशी खात्री झाल्यावरच कथा चमत्काराकडे वळते, असे दिसते. महिपतीने ज्या ‘भक्तलीलामृता’त एकनाथांचे चरित्र विस्ताराने गायिले, तो ग्रंथ १७७४ साली पूर्ण झाला. शनिवारवाड्यातील खुनाला तेव्हा जेमतेम वर्ष झाले होते. ताहराबादेस बसून लिहिणाऱ्या महिपतीच्या मनात पुण्याची वार्ता होती की नव्हती, ह्याविषयी तर्क करण्यात अर्थ नाही. पण ब्रह्महत्येला निष्कृती आहे काय, हा प्रश्न त्या वर्षी कोणाही मराठी श्रोत्याला पुस्तकी वाटला नसावा.

भक्तिमार्गाचे हे उत्तर सैल आहे, असा आक्षेप घेता येईल, आणि तो पूर्णपणे खोटा नाही. नाम घेतले की खून फिटला, असे म्हटले तर ७२० गाईंहूनही ते स्वस्त पडते. ज्ञानेश्वरांनी हा धोका ओळखलेला दिसतो. गीतेच्या नवव्या अध्यायातील अत्यंत दुराचारी भक्ताविषयीच्या श्लोकावर लिहिताना त्यांनी अनुतापालाच तीर्थाचे रूप दिले. दुष्कृती मनुष्याने प्रथम त्या तीर्थात स्नान केले पाहिजे. प्रायश्चित्तविधीतील पहिली पायरी स्नानाची, हे ध्यानात घेतले म्हणजे हे रूपक किती नेमके आहे ते कळते. विधी तोच ठेवून त्यांनी पाणी बदलले. एकनाथांच्या कथेतील ब्राह्मणही आपले पातक लपवीत नाही, दारोदार ओरडून सांगतो. मनूच्या कवटीधारी भिक्षेकऱ्याचेच ते रूप आहे. रघुनाथरावाच्या प्रश्नात नेमकी हीच गोष्ट नव्हती.

सर्वांत जुने आणि सर्वांत दूरवर पसरलेले उत्तर वाल्या कोळ्याचे. वाल्मीकी पूर्वायुष्यात लुटारू होता ही कथा मूळ रामायणात नाही. अध्यात्मरामायणात तो ब्राह्मणकुळात जन्मून किरातांत वाढलेला आहे आणि त्याला सप्तर्षी भेटतात; बंगालीत कृत्तिवासाने त्याला रत्नाकर म्हटले; मराठी लोककथेत तो वाल्या कोळी आहे, त्याला नारद भेटतो, आणि जेजुरीजवळचे वाल्हे हे त्याचे गाव. उत्तर भारतातील वाल्मीकी समाजाने आपल्या गुरूला लुटारू ठरविणाऱ्या ह्या कथेवर वेळोवेळी आक्षेप घेतला आहे, आणि तिचा अभ्यास करताना तो आक्षेप बाजूला ठेवता येणार नाही. महापातकी म्हणून कोळी किंवा किरात दाखविणे आणि प्रायश्चित्त सांगणारा म्हणून ऋषी दाखविणे, ह्या योजनेत जातीची उतरंड उघड आहे. तरीही कथेचा गाभा त्या उतरंडीच्या विरुद्ध जातो. येथे परिषद नाही, वर्षांचा हिशेब नाही, गाईंचे मोल नाही. ऋषी फक्त एक प्रश्न घरी जाऊन विचारावयास सांगतात : माझ्या पापाचे वाटेकरी व्हाल काय? बायको-मुले नाही म्हणतात. पाप वाटून घेता येत नाही, हा निर्णय येथे कोणी शास्त्री देत नाही. ज्यांच्यासाठी पाप केले ती माणसे देतात. पराशराच्या परिषदेकडे जे पाप उणे उत्तर दिल्याने जात होते, ते येथे कोणाकडेच जात नाही.

मराठी कथेत आणखी एक तपशील आहे. वाल्या दर खुनामागे एक खडा रांजणात टाकीत असे आणि असे सात रांजण भरले होते. धर्मशास्त्राने कृच्छ्रे मोजली, वर्षे मोजली, गाई मोजल्या. रामशास्त्र्यांच्या कथेत एकच मृत्यू आहे आणि त्याचे नाव सर्वांस ठाऊक आहे. वाल्याच्या बळींना नावे नाहीत. वाटेने जाणारे वाटसरू ते. पण ब्राह्मण किती, शूद्र किती अशी वर्गवारी न करता, प्रत्येक जिवामागे एक खडा ह्या हिशेबाने मेलेल्यांची मोजदाद ठेवणारी ह्या सर्व परंपरेतील बहुधा ही एकच कथा असावी, आणि ती मोजदाद खुद्द मारणाऱ्यानेच ठेवलेली आहे.